स्टुलावरून, कॅमेऱ्यामागून

१२ जानेवारी
(कॅमेऱ्यामागून)

मिचक्या,

तुझ्या वाढदिवसाला फोन लावला तर बाई म्हणाली, या देशाशी सध्या संपर्क होऊ शकत नाही. चार वेळा लावला. चारही वेळा तितक्याच गोड आवाजात नाही म्हणाली. पोस्टातला माणूस म्हणतो, पत्र जातं, पण तिसऱ्या देशातून वळसा घालून. तीन आठवडे धरा, आणि वाटेत दोन्हीकडचे साहेब उघडून वाचतात. तेव्हा आधी त्या साहेबांना नमस्कार. साहेब, आम्ही भाऊ-बहीण आहोत. आमच्यात वाचण्यासारखं फार काही नाही, पण आलाच आहात तर बसा.

समुद्रातल्या दोन खडकांवरून आपली सरकारं भांडताहेत, एवढं मला कळलंय. भरती आली की त्या खडकांवर पक्ष्यालाही पाय टेकता येत नाही म्हणे. पण दुकानात येणाऱ्या प्रत्येकाचं त्यावर मत आहे. काल एक जण स्टुलावर बसून म्हणाला, एकदाचं युद्ध होऊनच जाऊ दे. मी म्हटलं, हनुवटी खाली घ्या. तर म्हणतो, पण माझा व्हिसा आल्यावर हं.

दुसरी बातमी. पासपोर्ट कचेरीत सरकारने फोटोचं मशीन बसवलंय. पडदा ओढायचा, आत बसायचं. मशीनच सांगतं, पुढे बघा, कान दिसू द्या, हसू नका. माझी तीस वर्षांची वाक्यं जशीच्या तशी उचलली आहेत, आणि आवाजही बाईचाच. आता दिवसाला तीन-चार लोक येतात, तेही मशीनने परत पाठवलेले. जागामालकाला सांगून टाकलं, सप्टेंबरअखेर दुकान सोडते.

आवरायला बसले तर बाबांचं लाकडी स्टूल पुढ्यात आलं. आठवतं ना? सकाळी दुकान उघडलं की उजेड तपासायला बाबांना कुणीतरी स्टुलावर बसलेलं लागायचं. आज तू, उद्या मी. दुसऱ्याने त्यांच्या शेजारी, कॅमेऱ्यामागे उभं राहायचं. मग बाबा पेपरातली एक बातमी वाचायचे. स्टुलावर असेल त्याने सरकारच्या बाजूने बोलायचं, मागे असेल त्याने विरुद्ध, कारण त्या जुन्या कॅमेऱ्यामागून सगळं उलटंच दिसतं. मनात काय आहे ते विचारायचं नाही. वाट्याला आलेली बाजू जीव तोडून लढवायची. मी स्टुलावर असले की तुझा मिचमिच्या डोळ्यांचा चेहरा दिसायचा आणि मला हसू फुटायचं. सरकारचा सगळा विचका व्हायचा. मग बाबा ओरडायचे, "पाठ कर रे तिकडे!" तू पाठ केलीस की माझं तोंड सरळ व्हायचं.

काल अल्बम चाळले. तुझे एकशे चाळीस फोटो, माझे त्याहून जास्त. दोघांचा एकत्र एकही नाही. एक स्टुलावर, एक मागे. दोघं एका चौकटीत येणार कसे? फोटोवाल्याच्या घरात हे असं. जग ऐकेल तर हसेल.

म्हणून सांगते, सप्टेंबरच्या आत एकदा ये. कॅमेऱ्याला टायमर लावू आणि बाबांच्या निळ्या पडद्यापुढे दोघं उभे राहू. अकरा वर्षं झाली रे. मला खूप आठवण येते तुझी, हे काय पत्रात लिहायचं, पण लिहिते.

तोवर बाबांचा खेळ पत्रातून चालू करू. विषय: फोटोचं मशीन. मी विरुद्ध. तू मुकाट्याने स्टुलावर बस.

तुझी ताई

—

९ फेब्रुवारी
(स्टुलावरून)

ताई,

पत्र आलं. कडेला चिकटपट्टी होती, म्हणजे साहेबांनी मन लावून वाचलंय. तुमच्या बाजूच्या साहेबांनी की आमच्या, ते कळलं नाही.

मशीनच्या बाजूने बोलतो. मशीन चहा पीत नाही, दुपारी आडवं होत नाही, आणि "तुमचे डोळे तुमच्या काकांसारखे आहेत" असं सांगून गिऱ्हाइकाला अर्धा तास अडकवत नाही. तू हे तिन्ही करतेस. सरकारचं बरोबर आहे. लिफ्ट नव्हती तेव्हा लोक जिने चढायचेच की, पण म्हणून लिफ्ट वाईट होत नाही. यावर माझं पोट चालतं, तेव्हा माझं मत निःपक्षपाती समज.

इकडेही दोन खडकांचीच चर्चा. लिफ्टचं दार दुरुस्त करताना मी एका कोपऱ्यात उभा असतो, आणि माणसं मला बटणांइतकंच मोजतात. तळमजल्यावर शिरताना सरकार निकम्मं असतं, सहाव्यापर्यंत दुसऱ्या देशाचा हात निघतो, बाराव्यावर उतरताना "आपल्याला काय करायचंय" होतं. चाळीस सेकंद. आमची कंपनी मात्र तीन वर्षांत तीनदा विकली गेली. मालक कुठल्या देशाचा आहे ते मला आता शर्टावरच्या बिल्ल्यावरून कळतं. बटणं चौथ्याच देशातून येतात आणि दोर पाचव्या. तरी लिफ्ट वर जाते, याचं मला अजून नवल वाटतं.

येण्याचं बघतो. पोरीची शाळा आहे, रजेचं काही खरं नाही. दहा वर्षांची झाली, उंचीला माझ्या कोपराला लागते. आत्या प्रत्यक्षात बोलते का फक्त फोनच्या पडद्यातून, असं विचारत होती. आता तर पडदाही बंद.

आता विषय मी देतो आणि स्टूल सोडत नाही. माझ्याबरोबर एक जोडीदार काम करतो. परदेशातूनच आलेला. भांडण सुरू झाल्यावर इथल्या सरकारने नियम काढला की सरकारी इमारतींच्या लिफ्टला परक्या माणसाने हात लावायचा नाही. आमचं निम्मं काम तिथलंच. तेव्हा त्याने या देशाच्या नागरिकत्वाचा कागद घेतला आणि आपल्या देशाचा परत केला. नोकरी राहिली, पोरांची शाळा राहिली. मी म्हणतो, सरकारचाही नियम बरोबर आणि त्याचंही बरोबर. कागद म्हणजे काय ग? आज या रंगाचा, उद्या त्या. माणूस तोच राहतो. तू विरुद्ध बाजूने बोल. जरा सविस्तर बोल.

मिचक्या

—

४ मार्च
(कॅमेऱ्यामागून)

मिचक्या,

असा विषय द्यावा! दुकानात आज गिऱ्हाईक नाही, त्यामुळे मी आणि शाई दोघी मोकळ्या आहोत.

तुझ्या जोडीदाराला माझ्यातर्फे सांग. कागद म्हणजे काय म्हणतोस? तीस वर्षं मी त्या कागदाचे फोटो काढतेय. माणसं स्टुलावर बसतात तेव्हा शर्टाचं वरचं बटण लावतात, केस पाण्याने बसवतात, कुणी म्हातारी पदर चारदा सारखा करते. का? कागदालाच काही अर्थ नाही तर का? याने तो टेबलावर ठेवला आणि कारकुनाने रद्द म्हणून कोपरा कापून परत दिला असेल. त्या कापलेल्या कोपऱ्यात काय काय गेलं ते याने बघितलं का? ज्या घराच्या पत्त्यावर तो कागद आला होता, ते घर गेलं. आईबापांची नावं त्याच्यावर होती, तीही गेली. नोकरीसाठी आज एवढं सोडलं, उद्या आणखी काय सोडेल याचा नेम नाही. आणि मग एखाद्या दिवशी घराची आठवण काढून गळा काढील, तेव्हा त्याला म्हणावं, आता दारात उभा राहू नकोस. तू पाहुणा आहेस, आणि पाहुण्याने आधी कळवून यायचं असतं.

कसं वाटलं? हात दुखला पण मजा आली. बाबा असते तर पैकीच्या पैकी दिले असते, आणि तुला म्हणाले असते, काय रे सरकार, गप्प का?

येण्याची तारीख कळव. पडदा धुऊन इस्त्री केलाय.

ताई

—

१७ मे

मिचक्या,

दहा आठवडे झाले. पत्र नाही. पोस्टातला माणूस मला बघितलं की आता लांबूनच मान हलवतो.

आधी वाटलं साहेबांनी अडवलं. मग वाटलं आजारी आहेस. शेजारच्या फळवाल्याचं मत पडलं की दोन्ही देशांचं टपालही बंद झालं असणार. त्याची सगळीच मतं अशी असतात, तरी त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

वादबीद राहू दे. बरा आहेस एवढं एका ओळीत लिही. आणि तुझा अलीकडचा एक फोटो पाठव. फोन बंद झाल्यापासून तुझा चेहरा आठवायला बसले की लहानपणचाच येतो.

ताई

—

८ जून

ताई,

बरा आहे. कामाची गडबड होती.

या वर्षी येणं जमेल असं वाटत नाही. पुढचं सांगता येत नाही. दुकान सोडताना माझी वाट बघू नकोस. स्टूल कुणाला हवं असेल तर देऊन टाक.

फोटो पाठवतोय. कामासाठी काढला होता, त्यातला एक जास्तीचा होता.

तुझ्या तब्येतीची काळजी घे.

मिचक्या

—

२ जुलै

मिचक्या,

फोटो आला. आधी बोट फिरवलं त्याच्यावरून. कानशिलावर पांढरं झालंय. डोळा मिचकावलेला नाही, आयुष्यात पहिल्यांदाच. मग सवयीने पट्टी घेतली.

तू विसरलास की तुझी बहीण कोण आहे. माझ्या भिंतीवर बत्तीस देशांच्या मापांचा तक्ता आहे, आणि तो मला पाठ आहे. तुमच्याकडे कामाच्या परवान्याला उभा फोटो लागतो, पांढऱ्या पडद्याचा. चौकोनी, पन्नास बाय पन्नास, मागे करडा पडदा, हा फक्त एकाच कामाला लागतो. तो तिथल्या नागरिकाच्या पासपोर्टाला.

मी स्टुलावर बसले.

मग तुझी पत्रं काढली आणि माझ्या पत्रात काय लिहिलं होतं ते आठवत गेले. दारात उभा राहू नकोस. तू पाहुणा आहेस. हे मी तुला लिहिलं. तुला! आणि वर विचारलं, कसं वाटलं?

अरे वेड्या, पाळी होती माझी! तू स्टुलावर बसून विषय दिलास, विरुद्ध बोल म्हणालास, सविस्तर बोल म्हणालास. मी बोलले. बाजू वाट्याला आली म्हणून बोलले, बाबांनी शिकवलं तसं, जीव तोडून. तुझ्या त्या जोडीदाराबद्दल मला पहिल्या ओळीलाच वाटलं होतं की बिचाऱ्याने बरं केलं, पोरं उपाशी राहिली नाहीत. पण मनातलं सांगायचं नाही हाच तर नियम होता. जन्मभर हा खेळ खेळून तुला एवढं कळू नये? आणि मला तरी कुठे कळलं, की जोडीदार तूच आहेस.

राग आहे माझा. कागद बदललास याचा नाही. तू तिथे एकटा बसून ते पत्र वाचलंस आणि मला जाब विचारला नाहीस, याचा आहे. मोठ्या बहिणीशी भांडायचं सोडून कामाची गडबड होती म्हणे.

आता नीट ऐक. परवा एक बाई फोटोला आली होती, तिचा मुलगा तुमच्याकडे आहे. ती म्हणाली, तिकडच्या नागरिकांना इकडे यायची बंदी आहे, पण इकडच्यांना तिकडे जाता येतं. रक्ताच्या नात्यातल्या माणसाने बोलावल्याचं पत्र हवं, महिनाभर राहू देतात. म्हणजे तू येऊ शकत नाहीस हे खरंच आहे. मी येऊ शकते. बोलावणं पाठव.

फक्त एक अडचण आहे. निम्म्या गावाचे पासपोर्ट माझ्या हातून गेले, पण माझा स्वतःचा नाही. कधी लागलाच नाही.

स्टूल कुणालाही देणार नाही.

ताई

—

३० जुलै
(स्टुलावरही नाही, मागेही नाही)

ताई,

तुझं पत्र लिफ्टच्या वरच्या खोलीत वाचलं. तिथे मोटारीचा आवाज असतो, माणूस रडला तर कुणाला कळत नाही.

तू म्हणतेस ते खरं आहे. खेळ मीच मांडला. तुला सरळ सांगायची छाती नव्हती, म्हणून जोडीदार उभा केला. वाटलं, स्टुलावर बसून बोललो तर खोटं बोलल्यासारखं होणार नाही. आणि कुठेतरी आशा होती, की तू नियम मोडशील आणि लिहिशील, जाऊ दे, त्याचं बरोबरच आहे. तू नियम मोडला नाहीस. इतकं छान बोललीस की मला सगळं पटलं. कोपरा खरंच कापतात, ताई. तुला कसं माहीत? कात्री लहान होती, कारकुनाला दोनदा कापावं लागलं.

शपथ घ्यायच्या आधी फोटो काढला. तिथला माणूस म्हणाला, पुढे बघा, हसू नका. मी आपोआप म्हणालो, "बाबा, उजेड डावीकडून कमी आहे." आपल्या भाषेत म्हणालो. त्याला काही कळलं नाही. त्याने बटण दाबलं. डोळा मिचकावला नाही, कारण डोळे भरले होते आणि मी ते ताणून धरले होते. तोच फोटो तुला पाठवला. कामासाठी काढला असं लिहिलं तेव्हा अर्धं खरं लिहिलं होतं.

घरी यायला मी तडफडतो ग. कुठल्याही इमारतीत तळमजल्याला दार उघडलं की क्षणभर वाटतं बाहेर आपली गल्ली असेल, समोर तुझी पाटी असेल. पाटीवरचा "फो" अजून वाकडा आहे का? मी लावताना वाकडा लावला होता, आणि तू म्हणाली होतीस, राहू दे, तू परत आलास की सरळ करशील.

बोलावण्याचं पत्र सोबत आहे. तीन शिक्के मारून घेतलेत. नातं या रकान्यात "बहीण" लिहिलं तर बाई म्हणाली, पुरावा? दोघांचा एकत्र फोटो असेल तर चालेल. मी हसत सुटलो. तिला वाटलं मी तिची थट्टा करतोय. शेवटी आईबाबांच्या नावांचे दाखले जोडून भागवलं.

ये, ताई. सरकारच्या बाजूनेही ये, विरुद्ध बाजूनेही ये.

तुझा मिचक्या

—

२१ सप्टेंबर

मिचक्या,

तुझं पत्र मिळाल्यापासून मी एकच उद्योग करतेय, स्वतःचा फोटो काढतेय.

टायमर लावून पळत स्टुलावर जाऊन बसायचं. पहिल्या फोटोत केस उडालेले आणि चेहरा चोरासारखा. दुसरा बरा होता, तो घेऊन कचेरीत गेले तर कारकून म्हणाला, डाव्या कानामागे सावली आहे. माझ्या फोटोत सावली! तीस वर्षांत एक फोटो परत आला नव्हता. तिसरा त्याने हातात धरून नीट बघितला आणि म्हणाला, बाई, यात चेहऱ्यावर भाव आहेत. भाव चालत नाहीत. मी म्हटलं, अहो, मी भावाकडेच निघालेय. त्याला विनोद कळला नाही. सरकारी नोकरी.

शेवटी तो म्हणाला, समोर मशीन आहे, आत जाऊन बसा की. आणि मी, जिने आठ महिने त्या मशीनला शिव्या दिल्या, ती पडदा ओढून आत बसले. ते म्हणालं, पुढे बघा. कान दिसू द्या. हसू नका. मी समोर बघितलं. काळी काच होती, आणि तिच्या मागे कुणीच नव्हतं. बाबा नव्हते, तू नव्हतास. हसू आलंच नाही रे. हसायला समोर कुणीतरी लागतं. मशीनने पहिल्या फटक्यात पास केलं. म्हणजे वाद तू जिंकलास. मान्य.

पासपोर्ट आलाय. त्यातली बाई भयंकर दिसते, जणू कुणाचं तरी घर रिकामं करायला निघाली आहे. व्हिसाला कागद दिलेत. फळवाल्याचं मत आहे की मिळणार नाही, कारण महासत्तांना हे भांडण मिटायला नकोय. मी त्याला म्हटलं, महासत्तांना माझं नाव माहीत नाही, तेव्हा मी गुपचूप निघून जाईन. व्हिसा मिळाला तर चौदा नोव्हेंबरचं विमान आहे, मध्ये एका देशात बदलून. कधी बसले नाही. तुझ्या लिफ्टसारखंच असतं का?

हा दुकानातला शेवटचा आठवडा. कॅमेरे विकले, एक टायमरवाला ठेवलाय. निळा पडदा घडी करून पिशवीत घातलाय. पाटी काढताना "फो" सरळ केला नाही. तसाच वाकडा, घरी भिंतीला टेकवून ठेवलाय. स्टूल विमानात नेऊ देत नाहीत म्हणून ते फळवाल्याकडे ठेवलं, बसायला नाही, नुसतं सांभाळायला. तो आता त्यावर बसून सरकारच्या विरोधात बोलतो. म्हटलं, अहो, चुकीच्या जागेवर बसलात. त्याला काय कळणार!

एकच भीती वाटते. अकरा वर्षांत तू आठवणीत किती मोठा झालायस माझ्या. समोर आल्यावर काय बोलायचं?

ताई

—

१४ नोव्हेंबर
(तुझ्या देशाच्या दारातून, फॉर्मच्या मागच्या कोऱ्या बाजूवर)

मिचक्या,

घाबरू नकोस. मला पकडलेलं नाही. नुसतं बाजूला बसवलंय.

विमान तुझ्या लिफ्टसारखंच आहे, फक्त उतरताना कुणी "आपल्याला काय करायचंय" म्हणत नाही, सगळे देवाचं नाव घेतात. इथवर सगळं ठीक झालं. रांगेत उभी राहिले, पासपोर्ट काढून ठेवला. माझ्या पुढच्याने मला सांगितलं की या मशीनमुळे वेळ वाचतो. त्याचं मत मी ऐकून घेतलं.

मग माझा नंबर आला. इथे माणूस बसतो, पण बघतं मशीनच. काचेच्या डबीतून ते तुमचा चेहरा पासपोर्टातल्या चेहऱ्याशी जुळवतं. मी समोर उभी राहिले, मान सरळ केली, कान दिसू दिले. आणि तेवढ्यात माणसाच्या खांद्यावरून मोठ्या काचेपलीकडे तू दिसलास.

केस पांढरे, पोट सुटलेलं, आणि डोळे मिचकावतोयस. तोच. अगदी तोच. शेजारी एक मुलगी तुझ्या कोपराला लोंबकळून टाचा उंचावून बघतेय. मला हसू फुटलं. मशीनने लाल दिवा लावला. माणूस म्हणाला, पुन्हा. मी तोंड मिटलं, तर तू हात हलवलास. पुन्हा लाल. मग मला रडूही यायला लागलं, आणि ते तर कुठल्याच मापात बसत नाही. तिसऱ्यांदा लाल लागला तेव्हा माणूस म्हणाला, "बाई, फोटोतल्यासारखा चेहरा करा, नाहीतर तुम्ही तुम्ही आहात हे मी कशावरून धरू?" भला माणूस आहे, आपली भाषा मोडकीतोडकी येते त्याला. पाणी दिलं, या खुर्चीवर बसवलं, आणि म्हणाला, शांत झालात की या.

दहा मिनिटं झाली. शांत झाले की मी वर बघते, आणि वर बघितलं की तू.

इथे फरशी पुसणाऱ्या एक ताई आहेत. त्यांना आपली भाषा येत नाही, पण मी तुझ्याकडे बोट दाखवलं, मग माझ्याकडे, आणि त्या हसल्या. त्यांच्या हातात हा कागद देते. वाचलास की जागचा हलू नकोस, हातवारे करू नकोस. पिशवीत पडदा आहे, कॅमेरा आहे, टायमर आहे. पोरीला मध्ये उभी करू. बोलायचं सगळं बाहेर बोलू, आणि आज कुणीही कुठल्याही बाजूने बोलायचं नाही.

आता मी उठतेय. त्या माणसापुढे जाऊन उभी राहतेय. तू एवढंच कर. पाठ कर तिकडे. पोरीलाही सांग, तिचे डोळे तुझ्यावर गेलेत. दिवा हिरवा होईपर्यंत माझ्याकडे बघू नकोस, नाहीतर हे मला आत घेणार नाहीत.

पाठ कर रे. मी येतेच.

ताई